पाहुण्याचा पास

कर्टिसनं मला दिलेला पहिला पास माझ्या नाकावर बसला.

अकोल्यातल्या महल्ले डाळ मिलच्या मागं जे कोर्ट होतं, तिथं सकाळचा सराव चालला होता. बॉल हातात घेऊन कर्टिस डावीकडे बघत होता. डावीकडे एवढं काय आहे म्हणून मीही तिकडं बघायला लागलो, आणि बॉल आला तो सरळ माझ्या तोंडावर. नाकातून रक्ताची धार लागली. तो धावत आला, स्वतःचा टॉवेल माझ्या नाकाला लावला आणि पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाला. मी टॉवेलाआडून त्याला 'थँक यू' म्हणालो. इंग्रजीत त्या वेळी तेवढंच सुचलं.

मी त्या टीमचा कॅप्टन होतो. कुणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, माझी उंची सहा फूट चार इंच आहे आणि माझं बास्केटबॉलमधलं सगळं कर्तृत्व त्या एका वाक्यात संपतं. आठवीत असताना पीटीच्या सरांनी मला प्रार्थनेच्या रांगेतून उचललं आणि बास्केटखाली नेऊन उभं केलं. पुढची सतरा वर्षं मी तिथंच उभा होतो. उंचीवर कॉलेजात प्रवेश मिळाला, उंचीवर डाळ मिलमध्ये सुपरवायझरची नोकरी मिळाली, उंची पाहूनच प्रणितानं लग्नाला होकार दिला, असं तिच्या माहेरचे अजून हळहळून सांगतात. मला खेळ येत होता असं नाही. मी बास्केटच्या जवळ होतो, इतकंच.

मिलचे मालक आप्पासाहेब महल्ले म्हणजे हौशी माणूस. विदर्भातल्या सहा शहरांची लीग निघाली तेव्हा त्यांनी 'महल्ले तूरडाळ टायगर्स' नावाची टीम काढली. आमच्या जर्सीवर पुढं वाघ होता आणि पाठीवर डाळीचं पोतं. पहिल्या मोसमात आम्ही एकूण एक सामना हरलो. मग यवतमाळवाले परदेशी खेळाडू आणणार असं कानावर आलं आणि आप्पासाहेबांनी ते मनाला लावून घेतलं. कुठल्याशा एजंटला गाठून त्यांनी कर्टिस बोल्डन नावाचा अमेरिकन मागवला. ओहायोतल्या टोलेडो शहरचा, चौतीस वर्षांचा आणि माझ्यापेक्षा चांगला वीतभर बुटका. हार घेऊन स्टेशनवर गेलेली मंडळी त्याच्यामागून डब्यातून आणखी कुणी उतरतंय का, हे बराच वेळ बघत राहिली.

अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कर्टिसला कधी कुणी घेतलं नव्हतं. अशा न घेतलेल्यांचं एक निराळंच गाव आहे, ते जगभर पसरलेलं असतं, आणि हा त्या गावचा जुना रहिवासी. आइसलंड, सायप्रस, उरुग्वे, लेबनान, फिलिपिन्स असं करत तो तेरा वर्षं फिरत होता. जिथं जाईल तिथं एका मोसमापुरती खोली, एका मोसमापुरते शेजारी. दोन बॅगा, कॉफी करायचं एक भांडं आणि गुडघ्यांना बांधायच्या बर्फाच्या पिशव्या हा त्याचा संसार. प्रत्येक देशात गेल्यावर तो आधी एकच शब्द शिकायचा. आमच्याकडेही त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं की 'शूट कर' याला तुमच्यात काय म्हणतात. आम्ही सांगितलं, 'टाक.' त्यानंतर कोर्टवर सारखा त्याचा आवाज यायचा. टाक, टाक, टाक.

कारण कर्टिसची कला टाकण्यात नव्हती, देण्यात होती. पाच जणांच्या गर्दीतून तो बॉल असा काढायचा की घेणाऱ्याला फक्त हात वर करायचं काम उरावं. बास्केटबॉलमध्ये याला असिस्ट म्हणतात. तुम्ही पास दिला आणि घेणाऱ्यानं तो लगेच बास्केटमध्ये घातला, तर पॉइंट त्याचे आणि असिस्ट तुमचा. त्यानं नाही घातला, तर तुमचा पास गेला वाऱ्यावर. म्हणजे या माणसाची सगळी पोटापाण्याची विद्या दुसऱ्याच्या हातात. तेरा वर्षं त्याला हे हात बरे भेटले. मग तो आमच्या हातात पडला.

आम्ही वऱ्हाडी माणसं. पाहुणा आला की पहिला पाट त्याचा, पहिला घास त्याचा, आणि तो नको नको म्हणाला तर ते आग्रहाचं आमंत्रण समजायचं. पहिल्या सामन्यात कर्टिसनं बास्केटखाली मला बॉल दिला. मी एकटा होतो. मी नेहमीच एकटा असायचो, कारण दिगंबर काळमेघ बॉल टाकत नाही हे सहाही शहरांना माहीत होतं, आणि माझ्यावर माणूस खर्च करायला कुणी तयार नव्हतं. पाहुण्याला सोडून आपण टाकायचं हे मला बरं दिसेना. मी अदबीनं बॉल परत केला. त्यानं तो ठोसरला दिला. ठोसर आमच्यात खरा नेमबाज, पण त्यानंही मोठ्या मनानं बॉल परत केला. कर्टिसनं पुन्हा दिला, आम्ही पुन्हा परत केला. समोरच्या टीमचे लोक कमरेवर हात ठेवून बघत होते. अखेर कंटाळून कर्टिसनं स्वतःच टाकला आणि पॉइंट मिळवले. आमचा समज झाला की पाहुण्याला आग्रह आवडतो.

आप्पासाहेब तर खूश होते. कोर्टच्या कडेला पांढरे टॉवेल घातलेले सोफे मांडलेले असत, मधल्या सोफ्यावर ते. प्रत्येक सामन्यानंतर कर्टिसला शाल-श्रीफळ. एकदा ठोसरनं चुकून कर्टिसच्या पासवर बॉल टाकला आणि तो गेलाही. सामना संपल्यावर आप्पासाहेबांनी आम्हाला उभं केलं.

"अमेरिकेतून माणूस आणला तो काय तुमच्या पानात वाढायले?" ते म्हणाले. "पाहुण्यानं वाढायचं अन् घरच्यानं जेवायचं, असं कुठं असते काय?"

ठोसरनं मान खाली घातली. मीही घातली, पण माझी खाली घातलेली मानसुद्धा आप्पासाहेबांच्या डोक्याच्या वरच राहिली.

मोसम संपत आला तेव्हा एका संध्याकाळी कर्टिस माझ्या घरी जेवायला आला. बारावीपर्यंत इंग्रजी असल्याच्या अपराधावरून दुभाष्याचं कामही माझ्याकडेच होतं. माझं इंग्रजी मिलमध्ये वाढलेलं, त्यात डिस्पॅच, मॉइश्चर आणि अर्जंट हे तीनच शब्द धष्टपुष्ट होते. पण त्या दिवशी तो सावकाश बोलला आणि मला सगळं कळलं. प्रणितानं पातोडीची भाजी आणि भाकर केली होती. तो जेवला निम्मंच, आणि मग त्यानं सांगितलं ते असं.

फिनलंडमधल्या एका क्लबला त्याच्यासारखा पास देणारा खेळाडू हवा होता. दोन वर्षांचा करार. या वयात त्याला मिळणारा तो शेवटचा. पण तिथल्या कोचला अकोल्यातल्या कामगिरीचे आकडे बघून धक्का बसला होता, कारण जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना देत आला, त्याच्या नावावर इथं पॉइंट ढीगभर आणि असिस्ट नावापुरते. म्हातारा झाला आणि हावरट झाला, असं त्या कोचचं मत पडलं होतं. एजंटनं खूप गळ घातल्यावर तो एवढंच म्हणाला, की शेवटच्या सामन्यात दहा असिस्ट दाखव, मग बघू. नाही जमलं तर कर्टिस टोलेडोला परत जाणार आणि मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात उभा राहणार. मेव्हणा चांगला आहे, तो म्हणाला, पण तिथं मला कुणाला काही पास करावं लागणार नाही.

मी त्याला आमची बाजू समजावून सांगितली. पाहुणा, मान, पहिला घास. हे सगळं इंग्रजीत सांगताना माझी दमछाक झाली. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्यानं नम्रपणे विचारलं, की इतका मान थोडा कमी करता येईल का.

तो गेल्यावर प्रणिता ताटं उचलता उचलता म्हणाली, "मान-बिन काही नाही त्याच्यात. ठोसर देत असंन मान. तुम्ही चुकायले भेता."

मी म्हटलं, तुला खेळातलं काय कळतं.

"खेळातलं नाही कळत. तुमच्यातलं कळते. हॉटेलात गेलो तरी काय खायचं ते दुसऱ्याले ठरवू देता. चुकलं तर त्याचं चुकंल न."

मागं एकदा आपण हॉटेलात साधा डोसा मागवला होता तो माझ्या मतानं, असं सांगणार होतो, पण मग आठवलं की तोही वेटरनं सुचवलेला होता.

शेवटचा सामना यवतमाळशी, आमच्याच गावातल्या हॉलमध्ये. आदल्या दिवशी मी कॅप्टन झाल्यापासून पहिल्यांदा टीमची बैठक घेतली. कर्टिसची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, उद्या पाहुण्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून घ्यायचं. ठोसरनं विचारलं, आप्पासाहेबांचं काय? त्यांनी कर्टिसला सांगितलं होतं की हा सामना जिंकून दे, पुढच्या वर्षी परत बोलावतो. मी म्हणालो, आप्पासाहेबांचं मी बघतो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. रात्री झोप लागली नाही ती त्या वाक्यामुळं.

पण सामना सुरू झाला आणि मंडळी खरंच जेवायला बसल्यासारखी खेळली. कर्टिस देई आणि ठोसर टाके. बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. हॉलमधल्या माणसांना आधी कळेना की अमेरिकन माणूस स्वतः का टाकत नाही. मग त्यांना ते देणंच बघायची गोडी लागली. बॉल कुठून येतोय ते दिसायच्या आत तो ठोसरच्या हातात असायचा आणि हॉलभर हाऽऽ असा आवाज उठायचा. कर्टिस इतका आनंदात मी कधी पाहिला नव्हता. आप्पासाहेब मात्र सोफ्यावरून अर्धे उठून ओरडत होते की पाहुण्याले द्या, पाहुण्याले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांचं बघतो म्हणालो होतो, ते अशा रीतीनं पार पाडलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी स्वतः अजून एकदाही टाकला नव्हता. कर्टिसनं दोनतीनदा मला दिला, मी लगबगीनं ठोसरला पोचवला. पाहुण्याकडून घ्यायचं हा ठराव मी इतरांसाठी केला होता.

शेवटी शेवटी यवतमाळवाल्यांनी ठोसरला दोन माणसं चिकटवली आणि आमची गाडी अडली. आम्ही एका पॉइंटनं मागं होतो. घड्याळात जेमतेम नऊ-दहा सेकंद होते. टेबलावर नोंदी ठेवणारे भिसे सर शाळेत गणित शिकवायचे, त्यांच्याकडून ठोसरनं विचारून घेतलं होतं. कर्टिसचे नऊ असिस्ट झाले होते. आता एक बास्केट पडली की सामना आमचा, आणि ती त्याच्या पासवर पडली की फिनलंड त्याचं.

बॉल घेऊन तो आत शिरला. दोघे त्याच्या अंगावर आले. तो डावीकडे बघत होता, आणि सगळा मोसम घालवून मी एवढं एक शिकलो होतो की तो डावीकडे बघत असला की आपण हात तयार ठेवावेत. बॉल दोघांच्या मधून आला आणि माझ्या हातात बसला. नाकावर नाही, हातात.

"टाक!" कर्टिस ओरडला.

"टाका हो!" बायकांच्या बाजूनं प्रणिता ओरडली.

मी टाकला. बॉल फळीवर आपटला, रिंगला लागला, क्षणभर तिथं थबकला आणि बाहेर येऊन पुन्हा माझ्याच हातात पडला.

आता काय करायचं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्या आणि बास्केटच्या मधे कुणी नव्हतं. टाचा उचलून बॉल वरून आत ठेवायचा, एवढंच. उंचीचा सतरा वर्षांचा पगार त्या एका क्षणात वसूल झाला असता. पण नेमका तेव्हाच माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. हा बॉल मी आत घातला, तर तो माझ्या चुकलेल्या बॉलचा बॉल. कर्टिसचा पास मी चुकलो तेव्हाच मेला. सामना आम्ही जिंकू, पण असिस्ट नऊच राहतील आणि हा माणूस टायरच्या दुकानात जाईल. मग काय करावं? माझ्या मेंदूनं यावर जो उपाय काढला तो बास्केटबॉलच्या इतिहासात दुसऱ्या कुणाला सुचला असेल असं वाटत नाही.

मी बॉल कर्टिसला परत दिला. आणि खुणेनं सांगितलं, पुन्हा दे.

कर्टिस बॉल घेऊन उभा होता, त्याच्या समोरही कुणी नव्हतं. यवतमाळचे लोकसुद्धा माझ्याकडेच बघत राहिले होते. तिथून टाकलेला त्याचा बॉल चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. टाकला असता तर सामना आमचा होता आणि पुढच्या वर्षीचं अकोला त्याचं होतं. आप्पासाहेब सोफ्यावर चढून ओरडत होते. कर्टिसनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पास दिला.

मला, जो आत्ताच चुकला होता त्याला.

मी बॉल घेतला. आणि माझ्या आईनं लहानपणापासून लावलेली सवय, कुठलंही मोठं काम करायच्या आधी नमस्कार करायचा, म्हणून मी तो बॉल कपाळाला लावला. मग टाकला. तो रिंगला कुठं न लागता जाळीतून अलगद खाली आला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात देखणी बास्केट. फक्त वेळ संपल्याचा हूटर वाजला तेव्हा बॉल अजून माझ्या कपाळावर होता.

भिसे सरांनी मान हलवली. पंचांनी दोन्ही हात आडवे फिरवले. यवतमाळवाले नाचायला लागले. आप्पासाहेब चपला घालून कोर्टवर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि मान वर करून म्हणाले, "दिगंबर, देवानं तुले उंची देली, अन् तेवढ्यातच त्याच्याजवळचं सामान संपलं काय?"



आत खोलीत कर्टिस गुडघ्यांना बर्फ बांधून बसला होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि बॉल परत का दिला ते सांगितलं, डिस्पॅच आणि अर्जंट हे शब्द वापरून. त्यानं ऐकून घेतलं. मग टॉवेल तोंडावर ओढला, आणि त्याचे खांदे बराच वेळ हलत राहिले. तो हसत होता की रडत होता ते टॉवेलामुळं दिसलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

चार दिवसांनी तो निघाला. फिनलंडवाल्यांनी नको म्हणून कळवलं होतं. आप्पासाहेबांनी पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही, पण पाहुणा तो पाहुणा, म्हणून स्टेशनवर शेवटची शाल आणि नारळ घेऊन स्वतः आले. ठोसर आला, टीम आली, प्रणितानं गाडीत खायला दशम्या बांधून दिल्या. कर्टिस सगळ्यांना हात जोडून नमस्कार करत होता. गाडी लागली. मी त्याच्या बॅगा डब्यात चढवल्या आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. माझं डोकं त्याच्या खिडकीच्या वर जात होतं, म्हणून मला वाकावं लागलं.

चार दिवस जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. मी म्हटलं, पहिला पास दिलास ते समजलं. पण मी चुकलो, तू ते पाहिलंस, मी मूर्खासारखा बॉल तुला परत दिला. तुझ्यासमोर कुणी नव्हतं. तू टाकला असतास तर निदान अकोला तरी तुझ्या हातात राहिलं असतं. तरी मलाच का दिलास?

त्याला प्रश्नच नीट कळला नाही असं वाटलं.

"तू मोकळा होतास," तो म्हणाला.

"पण मी नुकताच चुकलो होतो."

"चुकलास तेव्हाही तू मोकळाच होतास. चुकल्यामुळं माणूस मोकळा राहत नाही असं थोडंच असतं?"

गाडी हलली. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला, चार पावलं बरोबर गेलो आणि सोडला. याला बारा वर्षं झाली. मला जन्मात कुणी दोनदा काही दिलं नव्हतं. पहिल्या चुकीनंतर लोक दुसऱ्याकडे वळायचे, आणि ते वळले की मला हायसं वाटायचं. या माणसानं आपला शेवटचा करार माझ्या हातात दिला, मी तो सांडला, तरी त्यानं उरलंसुरलं होतं तेही माझ्याच हातात दिलं. वर त्यात विशेष काही केलं असं त्याच्या गावीही नव्हतं.

मी तिथंच रडायला लागलो. ठोसर पाठीवर हात ठेवायला आला, पण त्याचा हात पाठीच्या मधेच पोचला. सहा फूट चार इंचांचा माणूस रडायला लागला की त्याला लपायला जागा नसते. अख्ख्या अकोला स्टेशननं पाहिलं.